बेंझीन सिलिकॉनवर दोन बंधांनी बसतं की चार? एकाच फंक्शनलवर (ऊर्जा काढायच्या अंदाजी सूत्रावर) भरवसा ठेवायचा का?

रसायनवेडा:
बरेच दिवस यावरचेच पेपर वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. सिलिकॉन स्फटिकाच्या '१००' नावाच्या पृष्ठभागावर वरचे अणू दोन-दोन करून जोड्या जमवतात, त्यांना डायमर म्हणतात. बेंझीन (सहा कार्बनची रिंग) त्यावर उतरलं की एकतर एकाच डायमरवर दोन बंध करून बसतं आणि रिंग फुलपाखराच्या पंखांसारखी वाकते, नाहीतर शेजारच्या डायमरलाही धरून चार बंध करतं, ते टाइट ब्रिज. पीबीई हे नेहमीचं फंक्शनल लावलं की टाइट ब्रिज जास्त स्थिर, २००८ मध्ये व्हॅन डर वाल्स (रेणूंमधली क्षीण ओढ) धरणारं फंक्शनल लावलं तर फुलपाखरू, एमपी२ ही दुसरी गणनापद्धत वापरणाऱ्यांचंही तेच. रेणू तोच, सिलिकॉन तेच, नुसतं फंक्शनल बदललं! एकाच फंक्शनलवरून दोन दशांशांपर्यंत एनर्जी छापून 'हीच रचना स्थिर' म्हणणं थांबायला हवं.

धुळेकर:
नाही पटलं. आरपीएसारखी जास्त अचूक पण महागडी गणनापद्धत लावायला मशीन कुठून आणायचं? आमच्याकडे एक डेस्कटॉप, त्याच्यावर चार पोरं. आणि मला बेंझीन आणि त्याच्यासारख्याच टोल्यूइनची तुलनाच करायची असेल तर दोन्हीकडची चूक साधारण सारखी येते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. ट्रेंड तरी मिळतो ना.

रसायनवेडा:
एकाच प्रकारे बसलेल्या दोन रेणूंची तुलना असेल तर मान्य. पण इथे एकीकडे दोन नवीन बंध, दुसरीकडे चार, फुलपाखरात रिंगमध्ये दोन डबल बाँड उरतात, ब्रिजमध्ये एकच, मग चूक सारखी कशी येणार? आणि ०.१ इव्हीची (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) चूक थोडी वाटते पण रूम टेम्परेचरला केटी, म्हणजे उष्णतेची ऊर्जा, ०.०२६ इव्ही आहे, म्हणजे कोण किती उरणार यात जवळपास ५० पटींचा फरक पडतो.

टोकाचीसुई:
मी एसटीएमवाली, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभागावरचे अणू दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपवाली. तुम्ही दोघं फंक्शनलवरून भांडताय, पण १९९८ मध्येच एसटीएममध्ये रूम टेम्परेचरला एका डायमरवरचे रेणू वेळ जाईल तसे दोन डायमरच्या जागेवर जाताना दिसलेत. डोळ्यांसमोर ब्रिज होतोय आणि तुम्ही फुलपाखरू स्थिर म्हणताय?

रसायनवेडा:
ताई, ते निरीक्षण मी नाकारत नाही. पण इन्फ्रारेड आणि एक्स-रे शोषणाच्या प्रयोगांनी फुलपाखराच्या बाजूने कौल दिलाय, आणि ते पृष्ठभागाच्या मोठ्या भागाची सरासरी सांगतात. सुईखाली मोजकेच रेणू येतात, जवळ एखादा दोष असेल तर तिथला हिशेबच बदलतो.

टोकाचीसुई:
दोष तर आम्हाला चित्रात दिसतात, ते वगळूनच मोजतो. आणि सरासरीत हळूहळू बदलणारी गोष्ट हरवते हेही लक्षात घ्या.

धुळेकर:
बरं मग माझ्यासारख्याने करायचं काय? मी अख्ख्या पृष्ठभागाऐवजी नऊ सिलिकॉन अणूंचा तुकडा (क्लस्टर) घेतो, कडांना बारा हायड्रोजन, हिशेब रात्रीत निघतो.

रसायनवेडा:
भाऊ, त्यात डायमर एकच आहे! टाइट ब्रिजला धरायला दुसरा डायमर नाहीच, मग उत्तर फुलपाखरू येणारच. मीही सुरुवात त्याच क्लस्टरने केली होती आणि दोन महिने त्या उत्तरावर विसंबून होतो, म्हणून एवढं तळमळीने सांगतोय. निदान पंधरा सिलिकॉनचा, दोन डायमरवाला घ्या आणि दोन वेगळी फंक्शनल लावून दोन्ही आकडे छापा. एवढं डेस्कटॉपवरही होतं.

धुळेकर:
दोन्ही छापले की पेपर तपासणारा रिव्ह्यूअर विचारतो, मग खरं कुठलं?

रसायनवेडा:
विचारू दे. प्रश्न बरोबरच आहे त्याचा.

धुळेकर:
ठीक, पंधराचा आज लावतो. पण टोल्यूइनच्या ट्रेंडबद्दल माझं मत अजून तेच आहे.