शब्दचर्चा: पुराणकथा, मिथक की आदिबंध?

दोस्तोयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'वर लेख लिहितेय. कादंबरीच्या पोटात जी जुन्या कथांची स्ट्रक्चर्स दडलेली असतात त्यांना मराठीत काय म्हणायचं? पुराणकथा, मिथक, आदिबंध तिन्ही वाचलेत, नेमका फरक काय?

---

पुराणकथा नको. ते ऐकलं की आपल्याला शाप-उःशाप आणि अवतार आठवतात, मग १८६६ सालच्या पीटर्सबर्गच्या कादंबरीत वाचक देव शोधत बसतो. मिथक म्हणजे ती विशिष्ट कथा, उदा. सोन्या या कादंबरीचा खुनी नायक रास्कोल्निकोव्ह याला वाचून दाखवते ती मेल्यावर चार दिवसांनी उठलेल्या, बायबलमधल्या लाजरसची गोष्ट. आणि मरून पुन्हा जन्मणं हा जो साचा सगळीकडे सापडतो तो आदिबंध. रास्कोल्निकोव्हच्या खोलीला त्याची आई शवपेटीसारखी म्हणते ते लाजरसच्या बरंच आधी येऊन गेलेलं असतं, आपण वाचत पुढे जातो आणि मागून लक्षात येतं की हा माणूस पहिल्यापासून थडग्यातच राहतोय! रशियात तोपोरोव्ह या अभ्यासकाने याच अंगाने दोस्तोयेव्हस्की वाचलाय. तुमच्या लेखाला मी 'मिथकबंध' सुचवेन, त्यात कथाही आली आणि साचाही.

---

मिथकबंधला +१. पण सगळं बायबलवर नका ढकलू प्लीज. सोन्या त्याला चर्चमध्ये पाठवत नाही, चौकात जा, तू विटाळलेल्या जमिनीचं चुंबन घे, चारी दिशांना वाक आणि 'मी खून केला' असं मोठ्याने सांग म्हणते. तो सेन्नाया चौकात गुडघे टेकतो, ती घाण जमीन आनंदाने चुंबतो, लोक दारुडा समजून हसतात आणि शब्द ओठांवर येऊनही बाहेर पडत नाहीत. जमिनीपाशी पापाची कबुली देणं ही स्लाव्ह लोकांची फार जुनी श्रद्धा. त्यांच्या लोकगीतांत या जमिनीलाच 'मात् सिरा झेम्ल्या' म्हणतात.

---

मग तिथे 'भूमाता' चालेल?

---

अर्थाला चालेल, पण 'सिरा' म्हणजे ओलसर, तो ओलावा भूमातेत नाही आणि शब्द जरा भाषणातला वाटतो. 'ओली धरणीमाय' करा. दोस्तोयेव्हस्कीच्याच 'डेमन्स' कादंबरीतली मार्या तर देवाची आई म्हणजेच ही ओली धरणीमाय असं ऐकलेलं सांगते, तिथेही हाच शब्द नीट बसेल.