प्रति: तिसरीची मुलं स्वतःहून चार ओळी का लिहीत नाहीत?

सर, मुलं पाठ केलेला निबंध उतरवतात, स्वतःचं लिहीत नाहीत, याचं अर्धं कारण विषयात आहे. 'माझी शाळा' दिली की 'माझी शाळा खूप सुंदर आहे' हेच येणार. त्याऐवजी 'पोळ्याला बैलाला काय काय घातलं?' विचारा.

आधी दहा मिनिटं नुसतं बोलू द्या. मुलं सांगतील ते शब्द फळ्यावर घ्या: झूल, गोंडे, बेगड, हिंगूळ. मग फक्त तीनच वाक्यं लिहायला सांगा. कुणी 'बैल छान दिसत होता' लिहिलं, तर खोडू नका. 'छान म्हणजे काय? शिंगाला काय लावलं होतं?' एवढंच विचारा. 'ढवळ्याच्या शिंगाला हिंगूळ लावला' हे वाक्य त्यातूनच निघतं.

'बाबा बैल धुवायलेत' असं लिहिलं, तर पहिल्या खर्ड्यात तसंच राहू द्या. आपल्याकडची बोली तिथंच लाल शाईनं कापली की मूल पुढच्या वेळी सुरक्षित, पुस्तकी वाक्य शोधतं. 'धूत आहेत' हे दुसऱ्या दिवशी, पक्कं लिहिताना शेजारी लिहून दाखवा. तांड्यावरच्या बंजारा मुलांना गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, सांगायची मुभा द्या, मराठी शब्द वर्गातली पोरंच पुरवतात.

तपासताना एका वेळी एकच चूक धरा. या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. अक्षर सुधारायची दुरेघी वही वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र केलं की मूल वळणाकडे बघतं आणि वाक्य आखडतं.