कर्णबधिर काकांना बॉस्टनजवळ कोणते संग्रहालय दाखवावे?

खाडीकाठ (ठाणे)
माझे काका जन्मापासून कर्णबधिर आहेत. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे बहिणीकडे बॉस्टनला जाणार असून कर्णबधिरांच्या भाषेचा इतिहास मांडणारे एखादे ठिकाण त्यांना दाखवावे, असे मनात आहे. वॉशिंग्टनचे कर्णबधिरांचे गॅलॉडेट विद्यापीठ ऐकून माहीत आहे. परंतु चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेवढी दगदग नको वाटते.

नेरूळकर
माझ्या मते मार्थाज व्हिनयार्ड बेटावर जावे. वुड्स होलपर्यंत बस, पुढे सुमारे पाऊण तासाची बोट, आणि बोट लागते त्या व्हिनयार्ड हेवन गावातच संग्रहालय आहे. ते संपूर्ण बेटाचे संग्रहालय असल्यामुळे या विषयाचे सध्या काय मांडले आहे, ते आधी ईमेलने विचारून घ्यावे.

आनुवंशिक बहिरेपणामुळे एकोणिसाव्या शतकात या बेटावर सुमारे १५५ माणसांमागे एक जण कर्णबधिर होता, चिल्मार्क गावात तर २५ माणसांमागे एक. आणि म्हणूनच ऐकू येणारे शेतकरी व कोळीदेखील लहानपणापासून खुणांची भाषा बोलत. १८१७ साली हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा निघाली, बेटावरची मुले तिकडे शिकायला गेली, त्यांच्या खुणा अमेरिकी सांकेतिक भाषेत मिसळल्या आणि पुढे बेटाबाहेर लग्ने होऊ लागल्यावर बेटावरचे कर्णबधिरांचे प्रमाण घटत गेले. काकांना चिल्मार्कलाही अवश्य न्यावे, जरी तिथे पाहण्याजोगे म्हणजे मुख्यतः शेते, दगडी बांध आणि समुद्र एवढेच असले तरी.

एक अडचण मात्र आहे. भारतीय आणि अमेरिकी सांकेतिक भाषा वेगळ्या आहेत; आपल्याकडे इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांनी दाखवतात, तिकडे एकाच हाताने. त्यामुळे तिथला दुभाषी काकांच्या फारसा उपयोगी पडणार नाही आणि भिंतीवरचा मजकूर तुम्हालाच समजावून सांगावा लागेल. तुम्हाला ही भाषा कितपत येते?

खाडीकाठ (ठाणे)
खरे सांगायचे तर 'जेवलात का' आणि 'गोळी घेतली का' यांपलीकडे आम्हा घरच्यांची मजल कधी गेलीच नाही. आजवर काकाच आमचे ओठ वाचत आले.

ऐरोलीची मावशी
मग तिकिटांआधी तेच हाती घ्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा शब्दकोश चित्रफितींच्या रूपात इंटरनेटवर विनामूल्य आहे. अभ्यासक्रमाची चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत करता येईल. 'बेट', 'बोट', 'आजोबा', 'लग्न', 'शाळा' हे शब्द आधी घ्यावेत. आणि चित्रफितीतली खूण काकांच्या खुणेहून वेगळी निघाली, तर काकांचीच शिकावी.

खाडीकाठ (ठाणे)
रविवारपासून काकांकडे शिकवणी सुरू करतो. संग्रहालयाला ईमेल आजच पाठवतो.