अनुभव धागा : आपले भाऊ

भाऊ गेल्या महिन्यात गेले. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या ओसरीवर बसून कोणी काय नेलं, हे एका जागी जमावं असं फार वाटतं. जमेल तसं लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

शाळेत असताना भाऊंनी आम्हा पोट्ट्यांना काटोल रोडवरच्या जुनापाणीला नेलं होतं. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं. आम्हाला वाटलं, आता माहिती सांगतील. त्यांनी उलट विचारलं, "एवढाले धोंडे इथं आणले कसे असतील?" आणि आम्ही काहीबाही बोलत असताना खरंच कान देऊन ऐकत बसले. एका दगडावर वाटीसारखे बारके खळगे कोरलेले होते, त्यात प्रत्येकाला बोट घालून पाहायला लावलं. मग हिस्लॉप या मिशनरी-भूगर्भशास्त्रज्ञाबद्दल बोलले. ज्याच्या नावाचं कॉलेज आपण येता-जाता पाहतो, तो १८६३ साली टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून रात्री परतताना पुराच्या नाल्यात वाहून गेला. "किती पाहायचं राहिलं असेल त्याचं," म्हणाले, आणि बराच वेळ गप्प होते. मी पुढे भूगर्भशास्त्र घेतलं ते त्या सकाळीमुळे.

*

माझ्याकडचा हातोडा त्यांचाच. "वापर, मग दे" म्हणाले होते. परत कधी मागितला नाही.

*

मी काटोलचा. भाऊ वावरात आले का पयले झाडापाशी जायचे, मंग माझ्यापाशी. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधतात, हे त्याईनं माझ्या बापाजवळ बसून शिकलं. बाप म्हणे, "याले काय करा लागते शिकून?" पुढं सोता बांधलेली कलमं त्याईनं शाळेले देऊन टाकली. मिरगाच्या बहाराची पेटी पाठवली तं दुपारपर्यंत गल्लीत वाटून मोकळे.

*

गडचिरोलीहून परीक्षेसाठी आले तेव्हा माझी खोली पत्र्याखाली होती. मे महिना, पारा ४५ वर. भाऊंनी त्यांच्या अभ्यासाच्या खोलीची किल्ली दिली, कुलरसकट. स्वतः ओसरीवर ओला पंचा घेऊन बसायचे. संध्याकाळी विचारायचे, "आज काय वाचलं? मले सांग." परीक्षा घेत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. आपल्याला येतं ते कोणाला तरी हवं आहे, असं मला तोवर कधीच वाटलं नव्हतं.

*

मी नर्स. शेवटच्या आठवड्यात रात्रपाळीला मीच होते. सलाईनचे थेंब मोजून त्यांनी विचारलं, "सिस्टर, वेग कशावरून ठरवता?" मी म्हटलं, या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली. उशीखालच्या वहीत लिहून घेतलं. वही मिटून म्हणाले, "तुमचं जेवण झालं का?" झालं नव्हतं. घरून आलेला त्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

*

वह्यांचं बऱ्याच जणांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, कपाट भरून आहेत, ज्याला ज्या विषयाची हवी त्याने ती न्यावी. रविवारी सकाळी घरी या.