लहान विमान उडवताना दुसरं विमान वेळेत कसं दिसेल?

प्रश्न: नियंत्रण टॉवर नसलेल्या धावपट्टीवर सर्किट करताना (म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी मार्गाने उडताना) रेडिओवर ऐकू येणारं विमान बऱ्याचदा दिसतच नाही. नजर नेमकी कशी फिरवायची?

उत्तर १: सरसर फिरवू नका, फिरत्या नजरेला बारीक ठिपका दिसत नाही. आकाशाचे साधारण १० अंशांचे तुकडे पाडा आणि प्रत्येकावर किमान १ सेकंद थांबा. मोकळ्या आकाशात डोळे आपोआप जवळच फोकस होतात, म्हणून अधूनमधून लांबच्या ढगाकडे किंवा डोंगराकडे बघा. मुख्य म्हणजे, काचेवर सरकणारा ठिपका सहसा निघून जातो. जो एकाच जागी राहून मोठा होतोय, तोच तुमच्यावर येतोय. असा ठिपका काचेच्या चौकटीच्या खांबाआड अख्खा लपतो, तेव्हा डोकं पुढे-मागे हलवत राहा.

उत्तर २: हाय-विंगमध्ये, म्हणजे पंख केबिनच्या वर असलेल्या विमानात, वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलून बघा. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, लो-विंग (पंख केबिनच्या खाली असलेलं विमान) वर आणि हाय-विंग खाली असेल, तर दोघंही एकमेकांना दिसत नाहीत. ही जोडी फार घातक. म्हणून फायनलला वळताना रेडिओवर जागा आणि उंची सांगाच.

उत्तर ३: एडीएस-बीच्या (विमानं आपली जागा आपोआप प्रसारित करतात ती यंत्रणा) पडद्यावर विसंबू नका, ट्रान्सपाँडर (ही माहिती पाठवणारं उपकरण) नसलेलं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, त्यावर येत नाही. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं.