४,२९,४९,६७,२९७ आणि ६४१

'४,२९,४९,६७,२९७ एवढ्या मोठ्या संख्येचा ६४१ हा विभाजक गणितज्ञ ऑयलरला कागद-पेनाने सापडला तरी कसा?' असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याने सरसकट भागाकार केलेच नाहीत, आणि मला खरी कमाल तिथेच वाटते.

३, ५, १७, २५७, ६५,५३७ (म्हणजे २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात अधिक १) या मूळ संख्या आहेत, म्हणून पुढची (२ चा ३२वा घात अधिक १, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७) सुद्धा मूळच असणार असं ऑयलरच्या आधीच्या फर्मा या गणितज्ञाला वाटत होतं. ऑयलरने १७३२ मध्ये ते खोडलं. तिचा कोणताही मूळ विभाजक ६४ ने भागला तर बाकी १ च उरते, हे तो सिद्ध करू शकला. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्याच संख्येला भाग जातो! दुसरा अवयव ६७,००,४१७, तोही मूळच.

भाग जातो हे भागाकार न करताही दिसतं. ६४१ म्हणजे ६२५ + १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. याला २ च्या २८व्या घाताने गुणा. पहिलं पद होतं ६४० चा चौथा घात (कारण ६४० = ५ × १२८), दुसरं २ चा ३२वा घात. आता ६४० चा चौथा घात वजा १ यालाही ६४१ ने भाग जातो, कारण ६४० चा वर्ग वजा १ म्हणजे ६३९ × ६४१. त्या गुणाकारातून हे वजा केलं की उरते नेमकी आपली संख्या. एकदा वहीत करून बघाच, फार सुंदर आहे.

६५,५३७ च्या पुढे या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.