बिडाची भांडी : निवड, वापर, निगा – तुमचे अनुभव लिहा

नॉनस्टिक सोडून बिडाकडे (म्हणजे ओतीव लोखंड, कास्ट आयर्न) वळणारे हल्ली बरेच दिसतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, कुठलं घेऊ, चिकटेल का, गंजाचं काय. घरात बीड रोज वापरणाऱ्यांनी लिहा प्लीज. मीच सुरुवात करते. माझ्या मते तेल कुठलं लावता यापेक्षा तवा कसा तापवता यावर सगळं आहे. बिडात उष्णता हळू पसरते पण एकदा धरली की सोडत नाही, त्यामुळे मंद गॅसवर सात-आठ मिनिटं निवांत तापू द्यायचा, मोठ्या आचेवर घाई केली की मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं.

*

आम्ही मालवणकडचे, घावनाचं बिडं (बिडाचा तवा) आमच्याकडे वेगळंच असतं, त्यावर दुसरं काही करायचं नाही. नवीन आणलं की आई ते रात्रभर तांदळाच्या धुवणात ठेवते, सकाळी घासून, तेल लावून तापवते, असं काही दिवस चालतं आणि पहिले घावन गुरांना. तेल लावायला नारळाची शेंडी नाहीतर अर्धा कांदा. पीठ ताकासारखं पातळ हवं, ओतल्यावर चर्र वाजलं आणि जाळी पडली की झाकण ठेवा. कडा आपणहून सुटतात हो, सुटल्या नसतील तर उलथनं घालू नका, जरा थांबा!

*

मी कोल्हापूरला फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) आहे म्हणून निवडीबद्दल लिहितो. बिडात कार्बन साधारण 3 ते 4 टक्के असतो, म्हणून ते कडक पण ठिसूळ. दुकानात भांडं हातात लटकतं धरून चमच्याने वाजवा, खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. मग उजेडात तिरकं धरून बारीक भोकं दिसतात का बघा. वाळूच्या साच्यातलं असल्याने थोडं खरबरीत असणारच, त्याला घाबरू नका, वापरून गुळगुळीत होतं. काळा रंग फासलेलं मात्र अजिबात घेऊ नका. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी कधीच नाही, तडकतं.

*

साबण चालतो का? सासूबाई नको म्हणतात.

*

ताई, चालतो. तेल तापून तापून त्याचा कडक थर लोखंडाला धरलेला असतो, तो साध्या लिक्विडने जात नाही. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा जास्त राहायचा त्याने जायचा, म्हणून सासूबाईंचंही चुकीचं नाही. खरी काळजी वाळवण्याची. फडक्याने पुसून भागत नाही, गॅसवर ठेवून पाणी पूर्ण उडवा, गरम असतानाच दोन थेंब तेल चोळा आणि परत कोरड्या फडक्याने, जणू चुकून लावलं होतं असं, पुसून काढा. जास्त तेल राहिलं की चिकट राप बसतो. आमच्या डोंबिवलीच्या पावसाळ्यात तर हे रोज.

*

अमेरिकेतून. इथे लॉज (Lodge) ब्रँडचं बीड सहज मिळतं, टेनेसीतली 1896 पासूनची कंपनी, तेलाचा थर देऊनच येतं. पण 12 इंची स्किलेट (दांड्याचा फ्राइंग पॅन) साडेतीन किलोच्या वर आणि कडा उंच, डोसा उलटताना हात अवघडतो, डोशासाठी सपाट ग्रिडलच घ्या. जुन्या बाजारात ग्रिसवोल्ड या जुन्या अमेरिकन ब्रँडची भांडी मिळतात, गुळगुळीत आणि हलकी, फार सुंदर, पण पूर्वी काही लोक जुन्या भांड्यांत शिसं वितळवायचे त्यामुळे टेस्ट केल्याशिवाय वापरू नका.

*

आंबट पदार्थांचं कोणी लिहिलं नाही. चिंच, कोकम, टोमॅटो फार वेळ उकळलं की थर जातो, रस्सा काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. मी बिडाच्या कढईत पालेभाजी, भेंडी, सुकं चिकन करते आणि झाल्या झाल्या दुसऱ्या भांड्यात काढते. मनगट दुखत असेल तर लांब दांड्याचं नको, दोन कानांची छोटी कढई बघा, दोन्ही हातांनी उचलता येते.